कडी घरी, कोयंडा समुद्रात

सात महिने आमच्या घरी पाहुणा आला की पाण्याच्या पेल्याबरोबर मी त्याला एक सूचना द्यायचे. "बाथरूमला जाल तेव्हा आत गात राहा."

पाहुण्याला वाटायचं गंमत करतेय. मग मी दार दाखवायचे. दाराला आतून नवी, चकचकीत कडी. पण ती जिथे जाऊन बसायची तो कोयंडाच चौकटीला नाही. कडी सरकवली की हवेत जीभ काढून उभी. तेव्हा आत माणूस आहे हे बाहेर कळायला आवाज हा एकच उपाय. माझी मुलगी अफिफा, कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला आहे, ती सिनेमाची गाणी म्हणायची. माझा आवाज फाटका, म्हणून मी पाढे म्हणायचे. एकोणतीसचा पाढा शाळेत मार खाऊनही आला नव्हता, तो या सात महिन्यांत पाठ झाला. आणि तळमजल्यावरच्या आगरी सरस्वतीताई, 'काढ'ला 'कार' म्हणणाऱ्या आमच्या घरमालकीण, त्या आल्या की आतून सरळ गप्पाच मारायच्या. "गो बतूल, आज मासलीच्या बाजारान जिताडा नाय दिसला. तुला दिसला काय?" मी बाहेरून उत्तर द्यायचे. सवयीनं काहीही अंगवळणी पडतं.

कोयंडा होता माझ्या नवऱ्याच्या खिशात. आणि नवरा होता समुद्रात.

कासिम मालवाहू जहाजावर फिटर आहे. जहाजावर जे तुटेल, गळेल, अडकेल ते सगळं दुरुस्त करणारा माणूस म्हणजे फिटर. आम्ही दोघंही मोरा बंदरावरचे. अफिफा कडेवर होती तेव्हा शिरवण्यात सरस्वतीताईंच्या बिल्डिंगमध्ये भाड्यानं आलो, आणि आल्या आल्या कासिमला जहाजावरून बोलावणं आलं. तो पडद्याचा दांडा लावत होता. एका बाजूचा क्लॅम्प लागला आणि खाली गाडीनं हॉर्न दिला. मी पोरीला घेऊन रडत उभी. त्यानं एकदा दांड्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि म्हणाला, "हे बघ, काम अर्धं ठेवून चाललोय. ज्याचं काम अर्धं राहतं त्याला परत यावंच लागतं." दुसरा क्लॅम्प खिशात टाकला आणि गेला.

आठ महिने आमचा पडदा एका खांद्यावरून ओघळलेल्या पदरासारखा लोंबत होता. कासिम परत आला, बॅग खाली ठेवली, बूटही न काढता खुर्चीवर चढला, क्लॅम्प लावला आणि मग म्हणाला, "पाणी दे."

तेव्हापासून ही रीतच पडली. जाताना एक काम अर्धं ठेवायचं, त्यातला एक तुकडा बरोबर न्यायचा. एकदा पंख्याच्या रेग्युलेटरचं बटण नेलं. पंखा पाचवर अडकलेला. तो हिवाळा आम्ही मायलेकी गोधडीत बसून जेवलो. एकदा पितळी नळाची मूठ नेली, मी पकडीनं पाणी सोडत होते. जगातल्या बंदरांत नावाजलेला फिटर, आणि त्याच्या घरात दर फेरीला एक वस्तू लंगडी. माझी आई विचारायची, "जावई सुट्टीला घर नीट करायला येतो की बिघडवायला?"

नियम एकच. दुसऱ्या कुणी ते काम पुरं करायचं नाही. आणि हे आम्हा तिघांशिवाय कुणाला माहीत नव्हतं. लोक हसले असते, आणि हसण्यानं त्यातला दम गेला असता असं मला वाटायचं. म्हणून कुणी विचारलं की मी ठरलेलं उत्तर द्यायचे, "मिस्त्री येतोय."

या खेपेला बाथरूमच्या दाराची पाळी आली. कासिमनं कुजलेली फळी बदलली, कडी बसवली, कोयंडा आणि त्याचे चार स्क्रू शर्टाच्या खिशात टाकले, वरून थोपटले, आणि गेला.

पाचव्या महिन्यात आखातात लढाई पेटली. कासिमचं जहाज नेमकं आत सापडलं. बाहेर पडायची परवानगी मिळेना, म्हणून बरोबरच्या दहा-बारा जहाजांसारखं तेही नांगर टाकून उभं. टीव्हीवर सूट घातलेले लोक नकाशावर बाण काढायचे. मी टीव्हीची वायरच काढून ठेवली.

कासिमचा फोन लागला की तो म्हणायचा, "इथे काही नाही गं. जेवण बरंय. भंडारी मंगळूरचा आहे, सांबारात गूळ घालतो." भंडारी म्हणजे त्यांचा स्वयंपाकी.

"वर आकाशात काय दिसतं?"

"आकाश."

"आणखी?"

"ढग. बतूल, तू बातम्या बघू नको."

लग्नाला बावीस वर्षं झाली, पण या माणसाला अजून नीट खोटं बोलता येत नाही.

अफिफानं माझ्या फोनवर एक ॲप टाकून दिलं होतं. जगातली सगळी जहाजं त्यात ठिपक्यांसारखी दिसतात. सकाळी फजरची नमाज झाली की चहाच्या आधी मी आमचा हिरवा ठिपका बघायचे. तो जागेवर असला की आधण ठेवायचे. एके दिवशी अफिफा फोन घेऊन स्वयंपाकघरात आली. चेहरा विचित्र.

"अम्मी, अब्बांचं जहाज विमानतळावर आहे."

मी चष्मा लावून पाहिलं. खरंच. समुद्र राहिला बाजूला, आणि आमचा ठिपका धावपट्टीच्या मधोमध उभा. शेजारी आणखी वीस-पंचवीस जहाजं. जणू सगळी विमानाला रांग लावून होती. सरस्वतीताई तेवढ्यात लिंबं द्यायला आल्या होत्या. त्यांनी वाकून बघितलं.

"इमानतलावर? मंग बरा झाला की. तिकीट कार आनि उरून ये म्हनावं."

कितीतरी दिवसांनी मी पोट धरून हसले. मग अफिफानं शोधून वाचून दाखवलं. लढाईत दोन्हीकडचे लोक सिग्नल बिघडवून ठेवतात, त्यामुळे जहाजं भलतीकडेच दिसतात. म्हणजे इतके दिवस ज्या ठिपक्याकडे बघून मी चहा ठेवत होते, तोही नवऱ्याच्याच जातीचा निघाला. सगळं ठीक आहे म्हणणारा.

दुसऱ्या दिवशी ठिपका दिसेनासा झाला. फोनही लागेना.

एक दिवस, दोन दिवस, पाच दिवस. बेलापूरला कासिमच्या कंपनीच्या ऑफिसात गेले. तिथली मुलगी गोड होती. "सगळे सुखरूप आहेत मॅडम. फक्त संपर्क मर्यादित आहे."

"किती मर्यादित?"

तिनं कागदावर बघितलं. "मॅडम, मर्यादित."

नमाज होती, दुआ होती. पण दुआ वर जाते, ती पोचली की नाही ते आपल्याला दिसत नाही. डोळ्यांना दिसणारी एकच गोष्ट घरात होती, बाथरूमची ती चौकट. दात घासताना मी तिथली रिकामी जागा बघायचे. काम अर्धं आहे. म्हणजे येणार. चूळ भरायचे आणि दिवसाला लागायचे.

नवव्या दिवशी पुन्हा बेलापूरला जाऊन "मर्यादित" ऐकून दुपारी घरी आले, तर माझं दार उघडं. हॉलमध्ये धर्मराजदादा, सरस्वतीताईंचे यजमान, हातात ड्रिल मशीन घेऊन उभे.

धर्मराजदादांबद्दल थोडं सांगायला हवं. त्यांची भातशेती होती तिथे आता टॉवर आहेत. हाताला काम राहिलं नाही, तेव्हा त्यांनी हे ड्रिल घेतलं, आणि बिल्डिंगमध्ये जिथे मोकळी भिंत दिसेल तिथे भोक पाडायला सुरुवात केली. एरवी मुंबईत भाडेकरू घरमालकाच्या मागे लागतो, नळ गळतोय, दार लागत नाही. आमच्याकडे उलटं. दादांची चाहूल लागली की आम्ही गळके नळ लपवतो. पण माणूस लाखाचा. बाहेर जाताना किल्ली मी त्यांच्याकडेच ठेवते.

"ये बतूलबाय," ते म्हणाले. "मिस्त्री येतोय, मिस्त्री येतोय, सात महिने झाले. तुजा मिस्त्री काय पोहत येतंय काय?"

माझं लक्ष त्यांच्या मागे दाराकडे गेलं.

"आज सकाली मी हिला बोललो, कासिमभायचा पत्ता नाय, पोरगी आनि बाय दोगीच घरान, बाय ऑफिसाला फेऱ्या मारतेय. आपल्याच्यानं काय लढाई थांबत नाय. निदान कडी तरी लावू." त्यांनी दार पुढे ओढलं आणि कडी सरकवली. खट्. "बग. लेव्हलमदी हाय. वरनं एम-सील पन लावलाय. आता हत्ती आला तरी दार उघरनार नाय."

काय बोलणार? फरशीवरचा भुसासुद्धा त्यांनी झाडून ठेवला होता. मी म्हटलं, "दादा, फार उपकार झाले." चहा केला. ते दोनदा दार उघडून-लावून बघून, खूश होऊन गेले.

मी बाथरूममध्ये गेले आणि कडी लावली. खट्. सात महिन्यांनी पहिल्यांदा बंद दार. पाढे म्हणायची गरज नाही. मी बादली पालथी घातली आणि तिच्यावर बसले. आयुष्यात इतकं पूर्ण झालेलं काम मी पाहिलं नव्हतं. आता त्यानं परत यायचं ते कशासाठी?

मला कळत होतं हा वेडेपणा आहे. मी सातवी शिकले, पण वर्तमानपत्र शेवटच्या पानापर्यंत वाचते. क्षेपणास्त्र काही शिरवण्यातल्या बाथरूमची कडी बघून पडत नाही, एवढं मला समजतं. पण समजणं डोक्यात असतं आणि मी बसले होते बादलीवर.

उठले. पेचकस आणला. स्क्रूच्या डोक्यांवर एम-सील चढून दगड झालेलं. सुरी घातली, सुरीचं टोक मोडलं. मग वरवंटा आणला आणि पेचकस छिन्नीसारखा धरून ठोकायला लागले. चौथ्या ठोक्याला मागून आवाज आला.

"गो, काय फोरतस?"

सरस्वतीताई. घराचं दार मी उघडंच ठेवलं होतं. एका हातात वरवंटा, केसांत पांढरा भुसा, नाक लाल, अशा अवस्थेत मी त्यांना सगळं सांगितलं. पडद्याच्या दांड्यापासून कोयंड्यापर्यंत. एकोणीस वर्षं दडवून ठेवलेलं पाच मिनिटांत बाहेर पडलं. आता या हसणार म्हणून मी वाट बघत राहिले.

त्या हसल्या नाहीत. उंबऱ्यावर बसल्या.

"माजा बाबा खारीत होरी घेऊन जायचा, मासलीला," त्या म्हणाल्या. "तो येयपरत आय चूल इजू देत नसे. एक निखारा राखेन पुरून ठेवायची. एकदा माजी आत्या आली. बिचारी कामाची. भावजयीला मदत म्हनून चूल झारली, पानी मारला, सारवून टाकली."

"मग?"

"मंग काय, आयनं केला दंगा. आत्याला शिव्या दिल्या, आनि शेजारनीकरनं इस्तव आनून परत राखेन पुरला. सांजच्याला बाबा आला. पाटी भरून कोलंबी घेऊन आला."

"पण ताई, तो विस्तव तर शेजारणीचा होता."

"राखेला काय कलतं कुनाचा तो?" त्या उठल्या, खिडकीशी गेल्या आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं ओरडल्या, "अवो! मशीन घेऊन वर या!"

दादा धावत वर आले. आणखी एक भोक पाडायला मिळणार म्हणून चेहरा उजळलेला.

"हा काराचा," सरस्वतीताई म्हणाल्या.

"काय?"

"कोयंडा. तुमी लावला, तुमीच कारा."

"काय म्हनून? कुठं वाकरा हाय काय?"

"सरल हाय. कारा."

"अगो, लेव्हलमदी हाय!"

"लेव्हल घाला चुलीत. कारा बोलले ना."

वीस मिनिटं लागली. एम-सील फोडताना दादांचा चेहरा असा झाला होता की मलाच गलबलून आलं. स्वतःच्या हातानं लावलेलं काम, तेही सरळ लागलेलं. शेवटचा स्क्रू निघाला तेव्हा ताईंनी त्यांना कारण सांगितलं. दोन-तीन वाक्यांत. चौकटीला पडलेल्या चार भोकांवरून दादांनी बोट फिरवलं.

"मंग सांगायचा ना, बाय," ते म्हणाले. "मी काय परका हाय?"

मी खाली बसून एम-सीलचे तुकडे गोळा करायला लागले.

त्यांनी तो कोयंडा आणि चार स्क्रू रुमालात बांधून स्वतःच्या खिशात ठेवले. "हा माज्याकरं राहील. कासिमभाय आला का त्याच्या हातान देईन. कोनी इचारला तर सांग, मिस्त्री येतोय."

जिन्यावरून खाली जाताना ते स्वतःशीच पुटपुटत होते, ते मी ऐकलं. "पन लेव्हलमदी होता."

दोन दिवस गेले. अकराव्या दिवशी सकाळी अफिफा आंघोळीला गेली होती आणि आतून गाण्याचा दुसरा अंतरा चालू होता. माझा फोन वाजला. लांबलचक परदेशी नंबर.

"बतूल?"

मी खाली बसले. जमिनीवरच. स्टूल बाजूलाच होतं, पण तेवढा धीर नव्हता.

"बाहेर पडलो आम्ही," कासिम म्हणाला. "आता बंदरात आहोत. सगळे ठीक. मी ठीक. रडतेस काय?"

"नाही." मग जे तोंडात आलं ते मी विचारलं. अकरा दिवसांत याला काय काय सांगायचं, विचारायचं ते ठरवून ठेवलं होतं, त्यातलं हे नव्हतं. "कोयंडा कुठाय?"

"कोयंडा?" कासिमनं विचारलं.

"अहो, कोयंडा कुठाय? खिशात आहे ना?"

"अगं, म्हणजे, तो..." कासिमनं घसा साफ केला. "तो लावला."

"लावला? कुठे लावला?"

"ऐक तर. भोंगा वाजला की सगळ्यांनी खाली, इंजिनजवळच्या खोलीत जायचं, असा हुकूम होता. सहा-सहा, आठ-आठ तास. आठवडाभर तेच. तिथे संडास एकच. आणि त्याच्या दाराचा कोयंडा तुटलेला. भंडारी तर जायलाच तयार नाही, दोन दिवस नुसता घाम पुसत बसला. सामानाच्या खोलीत जाता येत नव्हतं. सगळे माझ्याकडे बघायला लागले. फिटर मी. खिशात हात घातला तर..."

"तुम्ही लावलात? अहो, तुम्हीच पुरं केलंत काम? आणि मी इथे..."

"बावीस माणसं होती, बतूल," कासिम म्हणाला, "आणि एकालाही गाता येत नव्हतं."

मला आधी हसू फुटलं की रडू, आठवत नाही. अफिफाचं गाणं थांबलं. ती डोक्याला टॉवेल गुंडाळून धावत बाहेर आली, माझ्या हातातून फोन ओढून घेतला आणि "अब्बा, अब्बा" करत घरभर फिरली. फोन परत माझ्याकडे आला तेव्हा मी त्याला दादांच्या ड्रिलची सगळी हकिगत सांगितली. वरवंट्यासकट.

मग तो म्हणाला, "बतूल, एक सांगू? रागावू नको. त्या पहिल्या खेपेला, तो पडद्याचा दांडा. स्क्रू संपले होते माझे. खाली गाडी उभी, तू रडतेस. काहीतरी बोलायचं म्हणून बोललो मी. नंतर तू ते इतकं धरून बसलीस की..."

"ते मला तेव्हाच कळलं होतं."

"कसं?"

"दुसरा क्लॅम्प खिशात नेलात, पण स्क्रू कुठे नेलेत? परत आलात तेव्हा आधी खालच्या हार्डवेअरच्या दुकानात गेला होतात. पुडी हातात होती."

"मग एकोणीस वर्षं बोलली का नाहीस?"

"येत होतात ना दर वेळी? मग कशाला बोलायचं?"

वीस दिवसांनी कासिम घरी आला. गाडी गल्लीत शिरली तेव्हा धर्मराजदादा जिन्याच्या पहिल्या पायरीवर मशीन मांडीवर घेऊन बसले होते. सरस्वतीताईंच्या म्हणण्याप्रमाणे सकाळी आठपासून. कासिमनं बॅग हॉलमध्ये टाकली. अफिफाला जवळ घेतलं. माझ्याकडे बघितलं, ते कसं बघितलं ते सांगत नाही. आणि सरळ बाथरूमच्या दाराशी गेला.

चौकटीची भोकं बघून फिटरच्या कपाळाला आठी पडली. "हा कत्तलखाना कुणी केला?"

"मीच लावला, मीच कारला," दादा म्हणाले आणि रुमाल सोडून त्याच्या हातावर ठेवला. "तुजी ठेव."

भोकं सैल झाली होती, स्क्रू धरत नव्हते. मग दोघं खाली बसले. कासिम आगकाड्यांची डोकी मोडून त्या भोकांत ठोकत होता आणि दादा एकेक काडी त्याच्या हातात देत होते. समुद्रावरच्या गोष्टी, भंडाऱ्याचं सांबार, विमानतळावरचं जहाज, सगळं तिथेच झालं. अर्ध्या तासानं कासिमनं कडी सरकवली. खट्. दादांनी डोळा बारीक करून बघितलं. "लेव्हलमदी हाय," ते म्हणाले, आणि मग कुठे कासिम मला म्हणाला, "पाणी दे."

या गोष्टीला आता दीड महिना झाला. दार उत्तम लागतं. अफिफा तरी आत गातेच, आणि सरस्वतीताई अजून आतूनच मला बाजारभाव विचारतात. मलाही पाढे सुटलेले नाहीत. परवा मी दार पुसत होते, तर लक्षात आलं की कोयंड्याला भोकं चार आहेत आणि स्क्रू तीन.

"अहो," मी हाक मारली, "चौथा स्क्रू कुठाय?"

कासिम सोफ्यावर पेपर वाचत होता. त्यानं पेपर खाली केला नाही.

"संपले होते," तो म्हणाला. "खाली दुकान आहे. उद्या आणतो."

"हो," मी म्हटलं. "घाई नाही."